डॉयलचं आठ महिन्यांत झालं

…नाही, मला एवढंच सांगा, सरकार एकच ना? कायदा एकच, फॉर्म एकच, त्या फॉर्मवरचा निळा शिक्कासुद्धा एकच, मग डोंगराच्या अलीकडे राहणाऱ्या बाईला अपंगत्वाच्या पेन्शनच्या सुनावणीसाठी एकोणीस महिने आणि डोंगराच्या पलीकडे राहणाऱ्या बाप्याला आठ, हा कुठला हिशेब? आणि बाप्या कोण, तर परका नाही हो, डॉयल. डॉयल स्टबलफील्ड. माझा नवरा. म्हणजे होता, चार वर्षांपूर्वीपर्यंत. सोळा वर्षं संसार केला, मग तो राज्याची हद्द ओलांडून शेजारच्या मिझुरीत गेला आणि मी इथं आर्कान्सॉतच राहिले, त्याच घरात, त्याच आडनावानं. आडनाव बदलायला परत कोर्टात कोण जाणार? त्या आडनावानंच तर घात केला, ते सांगतेच.

तर मी बावीस वर्षं कोंबडीच्या कारखान्यात. हाडं काढायच्या लाईनीवर. तुमच्यातल्या अर्ध्या तिथल्याच आहात, तुम्हाला काय सांगायचं… पट्टा चालू झाला की कोंबड्या येतच राहतात, थंडी अशी की नाक कुठंय कळत नाही, आणि उजव्या हातात सुरी, डावा हात कोंबडीत, दिवसाला एकच हालचाल हजारो वेळा. दोन्ही मनगटांची ऑपरेशनं झाली. एकदा उजव्याचं, एकदा डाव्याचं, मग उजव्याचं परत. त्यानंतर बोटं मिटली की उघडायला दुसऱ्या हातानं ओढावी लागायची, आणि दुसऱ्या हाताचीही तीच गत. शेवटी एक दिवस सुरी हातातून निसटून शेजारणीच्या बुटाजवळ पडली, आणि सुपरवायझर म्हणाला, ट्विला, आता पुरे.

मग मी अर्ज केला. नाकारला. परत विचार करा म्हणून लिहिलं, तोही नाकारला. ह्यात वाईट वाटून घ्यायचं नाही, वकील म्हणाले, पहिले दोन सगळ्यांचेच जातात, खरा निकाल जज्जसमोर. वकील म्हणजे मिस्टर प्रुएट, त्यांचं ऑफिस टायरवाल्याच्या वर आहे, बोलताना अधूनमधून खालून हवा भरल्याचा फुस्स आवाज येतो. ते म्हणाले, अपील टाकू, सुनावणीची तारीख येईल. म्हटलं कधी? ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. वकील खिडकीतून बाहेर बघायला लागला की समजावं.

मी थांबले. तीन महिने, सहा महिने, नऊ महिने. पुढच्या दोन खोल्या कारखान्यातल्याच एका जोडप्याला भाड्यानं दिल्या, मी मागच्या खोलीत. पिकअप विकली, बहिणीची जुनी ब्यूइक आणली, तिचं स्टिअरिंग मी मनगटानं फिरवते, बोटांनी नाही. रोज दुपारी टपालपेटी उघडायची, त्यात दातांच्या डॉक्टरची जाहिरात.

आणि तेराव्या महिन्यात पत्र आलं.

खिडकीचं पाकीट, सरकारी, आत नाव दिसतंय स्टबलफील्ड, पत्ता माझा. मी तिथंच पेटीपाशी दातांनी फाडलं, कारण बोटांनी पाकीट फाटत नाही. पहिलीच ओळ, आपण अपंगत्वाच्या लाभास पात्र आहात. अहो, मी रस्त्यात उभी राहून ओरडले. भाडेकरू बाई बाहेर आली, तिला मिठी मारली, ती बिचारी घाबरली, तिच्या हातांना लागलेलं पीठ, ते माझ्या पाठीला. मी घरात जाऊन बहिणीला फोन लावला, झालं म्हटलं, मंजूर. बहीण म्हणाली, अगं पण तुझी सुनावणी तर झालीच नाही? मी म्हटलं, त्यांनी कागदावरच केलं असेल, माझे कागदच तसे आहेत. बहीण म्हणाली, नीट वाच. मी चष्मा लावला.

डॉयल ई. स्टबलफील्ड.

त्याचा जुना पत्ता सरकारच्या कुठल्यातरी एका कॉम्प्युटरमध्ये तसाच राहिला होता. आता सांगा, माझ्या अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय होईल? हा माणूस तिकडे कोंबड्यांच्या खाद्याचा ट्रक चालवायचा, टाकीच्या शिडीवरून पडला, पाठ धरली, हे मला माहीत होतं, गावात सगळ्यांनाच माहीत होतं. पण त्यानं अपील टाकलं माझ्यानंतर चार महिन्यांनी. चार महिन्यांनी, हां. आणि सुनावणी होऊन, निकाल लागून, वर मंजुरीचं पत्र. आठ महिने. मी इथं दातांच्या जाहिराती गोळा करतेय, आणि डॉयलचं आठ महिन्यांत.

बहीण म्हणाली, दुसऱ्याचं पत्र फोडणं गुन्हा आहे बरं. म्हटलं, मग नेऊन देते, तोंडावर टाकते.

गेले. चाळीस मिनिटांचा रस्ता, डोंगर चढायचा, उतरायचा, मधे राज्याच्या हद्दीची पाटी. ती पाटी ओलांडताना मला वाटलं, इथं हवा वेगळी आहे का काय? तीच झाडं, तीच खड्ड्यांची सडक, तीच कोंबड्यांची शेडं, तोच वास. आणि त्या पाटीच्या पलीकडे पडलास तर आठ महिने, अलीकडे पडलास तर भोग.

डॉयलनं दार उघडायलाच किती वेळ लावला. मी मनात म्हटलं, बघा, आता पाठीचं नाटक. आत गेले तर घरात नवी खुर्ची. साधी नाही, बटण दाबलं की खुर्चीच माणसाला वर उचलून उभं करते. तो मला बटण दाबून दाखवायला लागला, हळूहळू वर येतोय आणि माझ्याकडे बघून हसतोय, जणू स्वर्गात चाललाय. म्हणाला, बसून बघतेस का? मी बसले नाही. म्हणजे शेवटी बसले, पण लगेच उठले. छान होती हो. तीच तर चीड.

मी पत्र दिलं. त्यानं वाचलं, घडी केली, आणि मला विचारलं की तुझं कुठपर्यंत आलं. मी म्हटलं, येतंय, आलंच आहे जवळजवळ. मग त्यानं त्याच्या सुनावणीची गोष्ट सांगितली. त्याची बोलायची तऱ्हा तुम्हाला ठाऊक नाही, एक माणूस पडला ते सांगायला तो आधी शिडी कुणी बनवली तिथून सुरू करतो. म्हणे जज्जनी चष्मा काढून ठेवला आणि ऐकत बसले. मधेच म्हणाले, मिस्टर स्टबलफील्ड, तुम्हाला उभं राहून बोलायचं असेल तर उभं राहा. पाऊण तासात संपलं. आता, हा माणूस आमच्या घरात सोळा वर्षं बोलत होता, मी कधी चष्मा काढला नाही.

निघताना म्हणाला, इकडे ये की, सोफा रिकामा आहे, पत्ता बदल, तुझीही फाईल आमच्याच ऑफिसला येईल. खोटं कशाला सांगू, परतीच्या वाटेवर चाळीस मिनिटं मी त्या सोफ्याचाच विचार केला.

दुसऱ्या दिवशी मिस्टर प्रुएटकडे. त्यांनी कपाटातून एक यादी काढली. कुठल्या ऑफिसात किती महिने लागतात, कुठला जज्ज शंभरातल्या किती जणांना होकार देतो, सगळं छापलेलं. मला आत्तापर्यंत दाखवली नव्हती, म्हणाले, उगाच झोप उडते. मी बोट… म्हणजे कोपर ठेवून ओळ शोधली. डॉयलच्या ऑफिसात दहातल्या सात जणांना मंजूर. आमच्या जज्जबाई, दहातल्या तिघांना. आम्ही इकडचे काय कमी मोडलोय का हो? हाडं काय हद्दीवर थांबून विचारतात का, कुठल्या बाजूला दुखू?

मी सोफ्याचं सांगितलं. ते म्हणाले, जाता येईल, पण फाईल हलवण्यात वेळ जातो, आणि तोवर तिकडचे जज्ज निवृत्त झाले, किंवा तिकडच्या फायली गर्दी झाली म्हणून तिसरीकडे पाठवल्या, तर मी जबाबदार नाही. शिवाय, बाई, खरंच राहायला जाणार असाल तरच पत्ता बदला, सुनावणीसाठी नाही. खालून फुस्स आवाज आला. मी म्हटलं, राहू दे.

मग काय, परत थांबले. ह्या थांबण्यात मी काय काय करून बघितलं सांगू? ऑफिसला फोन केला, तर तासभर बाजा वाजला आणि एक मुलगी म्हणाली, तुमची फाईल रांगेत आहे. म्हटलं, रांगेत कितवी? म्हणाली, असं सांगता येत नाही. म्हटलं, पण डॉयलचं आठ महिन्यांत झालं. ती म्हणाली, कोण डॉयल? मी फोन ठेवला. चर्चच्या जेवणाला गेले की कुणीतरी हमखास विचारणार, अगं, डॉयलला मिळाली म्हणे पेन्शन, तुझं काय? आणि मी हातात धरता येत नाही म्हणून ताटली छातीशी कवटाळून उभी, म्हणायची, येतंय.

डॉयल मधून मधून फोन करायचा. पुढं त्याला अपंगांच्या पार्किंगचं निळं कार्ड मिळालं, तेही त्यानं फोन करून सांगितलं. आता दुकानाच्या दारात गाडी लावता येते म्हणाला. मी त्या दिवशी मुद्दाम दुकानाच्या अगदी टोकाला गाडी लावली आणि चालत आले, आणि आत आल्यावर ढकलगाडी ढकलता येईना तेव्हा तशीच परत गेले, काही न घेता. कुणावर सूड उगवला, मलाच ठाऊक नाही.

सोळाव्या महिन्याच्या शेवटाला सुनावणीची नोटीस आली, तारीख अडीच महिन्यांनंतरची. मिस्टर प्रुएट म्हणाले, कागद ठीक आहेत, पण ह्या जज्जबाईंना कागदापेक्षा माणूस लागतो, तुमचे रोजचे हाल बघितलेलं कुणी आहे का? बहीण दुसऱ्या गावी, भाडेकरू नवरा-बायको शिफ्टमध्ये. म्हटलं नाही. ते म्हणाले, आधीचं कुणी? नोकरीच्या दिवसांतलं, घरातलं? मी खिडकीतून बाहेर बघायला लागले.

डॉयलला फोन करायला मला दोन दिवस लागले. ज्याच्यावर इतके महिने जळतेय त्यालाच विचारायचं, माझ्यासाठी बोलशील का? तो नेहमी फाटे फोडतो, त्या दिवशी फोडले नाहीत. किती वाजता, एवढंच विचारलं.

सुनावणीची खोली म्हणजे कोर्ट नाही हो, शाळेच्या मुख्याध्यापकांची खोली असते तशी. लांब टेबल, झेंडा, पाण्याचे कागदी कप, जज्जबाई माझ्याच वयाच्या, केस बारीक कापलेले. एका कोपऱ्यात फोन, त्या फोनवर कामांची जाणकार बाई, म्हणजे असं दुखणं असलेल्या माणसाला कुठलं काम जमेल ते सांगणारी. साक्षीदाराला आधी बाहेर बसवतात, म्हणून डॉयल बाहेर. मिस्टर प्रुएटनी शंभरदा बजावलं होतं, तुमचा सगळ्यात वाईट दिवस सांगा, बरा दिवस नाही.

जज्जबाईंनी विचारलं, स्वयंपाक करता? मी म्हटलं, करते. भांडी? घासते. कपडे घालता स्वतः? घालते. झाडलोट? जमतं. मिस्टर प्रुएट टेबलाखालून माझ्या बुटाला बूट लावतायत, आणि मी आपली जमतं, जमतं. अहो, बावीस वर्षं लाईनीवर सुपरवायझर विचारायचा, जमतंय का, तर जमतंय म्हणणारीलाच पुढचा आठवडा मिळायचा. तोंडाला वळणच तसं पडलंय. एका अनोळखी बाईला, झेंड्याच्या शेजारी बसून, मी काय सांगू की मी सूपचा बंद डबा दाराच्या फटीत धरून उघडते? सांगितलं नाही. ह्या बाईंच्या दहातल्या तिघांत मी कशाला जातेय. माझी जागा मला दिसतच होती.

मग डॉयलला आत बोलावलं. आला, पाठ सरळ ठेवून, लाकडाच्या फळीसारखा. बसू का उभा राहू विचारलं, त्या म्हणाल्या तुमच्या सोयीनं. उभा राहिला. मला वाटलं, आता शिडीपासून सुरू करणार.

तो म्हणाला, "बाईसाहेब, ही तुम्हाला जमतं म्हणाली असणार. ही सगळ्यालाच जमतं म्हणते. आमच्या संसाराची शेवटची दोन वर्षं हिच्या शर्टाची बटणं मी लावायचो. पहाटे साडेचारला, हिला शिफ्टला जायचं असायचं तेव्हा. मी बटणं लावायचो आणि ही भिंतीकडे बघायची. आम्ही त्यावर कधी बोललो नाही."

जज्जबाई लिहायच्या थांबल्या.

"केस पण मीच धुवायचो, मोरीपाशी. आणि मग मी सोडून गेलो. त्या हिवाळ्यात एकदा मला ही दुकानाबाहेर दिसली, बर्फ पडत होता, हिच्या कोटाची सगळी बटणं उघडी, हातानं कोट मिटून धरला होता. मी गाडीत होतो. मी उतरलो नाही. एवढंच मला सांगायचं होतं."

आणि जज्जबाईंनी, तुम्हाला खोटं वाटेल, चष्मा काढला.

मी भिंतीकडे बघत होते. मला रडू येत होतं, आणि त्याच वेळी असा राग आला, की माझं दुखणं, माझे हात, माझी बावीस वर्षं, आणि तेसुद्धा हा माणूस माझ्यापेक्षा चांगलं सांगतो. त्याची पाठ त्यानं आठ महिन्यांत विकली, माझे हातही त्यालाच विकता येतात. माझ्याकडे काय आहे मग? मला तर त्या दिवशी दुकानाबाहेर तो होता हेही ठाऊक नव्हतं. माझ्या कोटाची गोष्ट, आणि मीच ती पहिल्यांदा ऐकतेय.

फोनवरची बाई म्हणाली, ह्या बाईंना अक्रोड निवडायचं काम जमेल, देशात अशा इतक्या इतक्या जागा आहेत. मिस्टर प्रुएटनी विचारलं, दिवसाचा दोन तृतीयांश वेळ बोटं वापरता आली नाहीत तर? ती म्हणाली, तर अक्रोड नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा अक्रोडांसाठी देवाचे आभार मानले.

बाहेर आल्यावर मिस्टर प्रुएट डॉयलचा हात हातात घेऊन हलवतायत, असा साक्षीदार इतक्या वर्षांत मिळाला नाही म्हणतायत. सुनावणी माझी आणि कौतुक त्याचं. मी म्हटलं, चल, निदान जेवू घालते. तो नको म्हणाला, फार वेळ बसवत नाही. मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेले. त्यानं एक हात टपावर ठेवला, एक दारावर, अर्धा आत गेला, थांबला, डोळे मिटले, परत बाहेर आला, परत सुरुवात. चार मिनिटं लागली त्याला सीटवर बसायला. कपाळावर घाम. मी दार लावून दिलं, कोपरानं. म्हणजे नाटक नव्हतं. इतके महिने मी नाटक म्हणून जळत होते, तर तेही नाही. नीट जळूसुद्धा देत नाही माणूस.

दोन महिन्यांनी निकालाचं पत्र आलं. ह्या वेळी चष्मा आधी लावला, नाव दोनदा वाचलं. ट्विला. मीच. आणि खाली, अंशतः मंजूर.

अंशतः म्हणजे काय हो? माझे हात अंशतः मोडलेत का? डॉयलचं पूर्ण. डॉयलचं पडल्याच्या दिवसापासून, आठ महिन्यांत, पूर्ण. मी ब्यूइक काढली आणि थेट टायरवाल्याच्या वर.

मिस्टर प्रुएटनी शांतपणे समजावलं. पन्नाशीच्या आतल्या माणसाला सरकार म्हणतं, दुसरं काहीतरी शीक. पन्नास पूर्ण झाली की नियम सैल होतो, एवढ्या शिक्षणावर, एवढ्या वयात हिला कोण नवीन शिकवणार, असं धरतात. जज्जबाईंनी मला माझ्या पन्नासाव्या वाढदिवसापासून मंजुरी दिली होती. आणि तो वाढदिवस आला होता, मी वाट बघत होते त्याच्या चौदाव्या महिन्यात. ते म्हणाले, बाई, तुमची सुनावणी आठ महिन्यांत झाली असती ना, तर तुम्ही साडेएकोणपन्नासच्या असता, आणि ह्या जज्जबाईंनी बहुधा नाही म्हटलं असतं.

ऐकलंत? मी ज्या एकोणीस महिन्यांना सकाळ-संध्याकाळ शिव्या घातल्या, त्यांनीच मला तारलं. आता त्या ऑफिसला केक नेऊन देऊ का? आणि त्याआधीची, मोडल्या हातांनी काढलेली वर्षं, ती गेली, ती कुणाच्याच खात्यात नाहीत. ह्याला आनंद म्हणायचं का दुःख, मला जिना उतरेपर्यंत ठरवता आलं नाही.

घरी आल्यावर पहिला फोन डॉयलला केला. बहिणीला नाही, डॉयलला. का ते विचारू नका. म्हटलं, झालं. तो म्हणाला, मला ठाऊक होतं. म्हटलं, पूर्ण नाही, तुझ्यासारखं नाही, माझ्या पन्नासाव्या वाढदिवसापासून दिलंय.

तिकडे त्याच्या खुर्चीची घरघर ऐकू आली, तो वर येत होता. मला वाटलं, माझ्यासाठी आनंदानं उठून उभा राहतोय.

मग तो म्हणाला, "बरं झालं, ट्विला. म्हणजे साधारण… कधीपासून?"

सोळा वर्षं हो. सोळा वर्षं. सरकारला तारीख पाठ आहे.

मी ओरडले नाही, भांडले नाही, आता तेवढं बळ नाही. महिना सांगितला, दिवस सांगितला, साल सांगितलं. आणि म्हटलं, डॉयल, लिहून ठेव. तुझ्या हातात पेन तरी राहतं.